झाडांच्या निगेचे संशोधन आणि त्यामागचा बीजनिधी : पार्श्वभूमी

२०२५च्या अखेरीस तपोवनातील झाडे तोडण्यावरून नाशिकमध्ये वाद पेटला, तेव्हा सिंहस्थ कुंभमेळ्यातील साधुग्रामाची, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वस्तीची, गरज एका बाजूने आणि उभ्या झाडांचा हक्क दुसऱ्या बाजूने हिरिरीने मांडला गेला. बदल्यात किती रोपे लावायची आणि किती झाडांचे पुनर्रोपण करायचे, हेही बोलले गेले. मात्र काळ्या मातीतून काढलेला तीस वर्षांचा कडुनिंब दुसरीकडे लावल्यावर पाचव्या पावसाळ्यात कोणत्या अवस्थेत असतो, हे मोजण्यासाठी पैसा कोण देणार, हा प्रश्न मला त्या चर्चेत ऐकू आला नाही.

अमेरिकेत या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथील चेस्टनट वृक्ष बुरशीच्या रोगाने मरू लागले. १९२४मध्ये सावलीच्या झाडांवर काम करणारे कारागीर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कनेक्टिकटमध्ये एकत्र बसले, आणि त्या बैठकीतून वाढलेल्या संघटनेला १९७६मध्ये ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ (आंतरराष्ट्रीय वृक्षनिगा संस्था) हे नाव मिळाले. संशोधनाचा सरकारी पैसा प्रामुख्याने इमारती लाकडाकडे आणि फळबागांकडे जात असे. रस्त्याकडेचे झाड लाकूडही देत नाही आणि बाजारात विकता येईल असे पीकही देत नाही, म्हणून या व्यवसायातील लोकांनी स्वतःच वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. १९९२पासून निधीसाठी सायकलस्वारीही निघू लागली. २००२मध्ये दोन जुने न्यास एकत्र येऊन झाडांच्या संशोधनाला पैसा देणारा ‘ट्री फंड’ उभा राहिला.

या निधीच्या अनेक अनुदानांपैकी जॉन डुलिंग यांच्या नावाचे अनुदान खास बीजनिधी म्हणून दिले जाते. त्याची मर्यादा आधी १०,००० डॉलर होती, ती पुढे २५,००० झाली. विद्यापीठांच्या हिशेबात ही रक्कम मोठी नाही, पण तिचे काम वेगळे आहे. अजून कोणी तपासलेली नाही अशी कल्पना मोजक्या झाडांवर करून पाहायची आणि हाती आलेली आकडेवारी घेऊन मोठ्या निधीकडे जायचे, एवढ्यासाठी ती असते. आपल्याकडचा द्राक्ष बागायतदार नवे औषध किंवा नवा खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते रोप) आधी दोन ओळींवर करून बघतो आणि मगच सगळ्या बागेला लावतो, तशीच ही रीत आहे.

तपासून पाहिल्याने काय बदलते, याचे सर्वांत ठळक उदाहरण ॲलेक्स शिगो यांचे आहे. अमेरिकेच्या वनसेवेत असताना त्यांनी हजारो झाडे साखळी करवतीने उभी चिरून आतली कूज पाहिली. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही, झाड कुजका भाग भिंती घातल्यासारखा आतल्या आत कोंडून टाकते आणि पुढची वाढ त्याच्याबाहेर करते, ही मांडणी १९७७मध्ये प्रसिद्ध झाली. फांदी जेथे खोडाला मिळते तेथील फुगवटा कापला, तर ही भिंत घालण्याची क्षमताच दुबळी होते, आणि कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही, हेही या कामातून पुढे आले.

हे वाचल्यापासून नाशिकच्या रस्त्यांवरून जाताना माझी नजर खोडांवर खिळते. पावसाळ्यापूर्वी तारांना लागणाऱ्या फांद्या खोडाला घासून सपाट कापलेल्या असतात, त्या ताटाएवढ्या वर्तुळावर डांबराचा काळा थर असतो, थराला तडा जाऊन त्यातून ओलसर भुसा बाहेर येत असतो. बुंध्यावर गेरू-चुन्याचा पट्टा मात्र नीटनेटका असतो, आणि पेव्हर ब्लॉक सालीला भिडलेले असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढण्याचा आदेश दिला होता, त्याची अशा वेळी आठवण होते.

आपल्याकडे कायदा आहे. १९७५च्या महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण अधिनियमाने वृक्ष प्राधिकरण, वृक्षगणना आणि वृक्ष उपकर यांची तरतूद केली आणि २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. मात्र तोडीची परवानगी आणि नवी लागवड यांभोवतीच तो फिरतो, मधल्या निगेचे शास्त्र त्याच्या कक्षेत फारसे येत नाही. देहरादूनची वन संशोधन संस्था १९०६पासून आहे, पण तिचा मुख्य भर जंगलावर राहिला. द्राक्षासाठी पुण्याजवळच्या मांजरी येथे १९९७मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. डॉगरिज खुंटासारखा बदल आपल्या शेतकऱ्यांनी पचवला, कारण चाचणी घेणारे कोणी तरी होते आणि तिचा खर्च उचलणारेही होते. वड, पिंपळ, गुलमोहर यांच्या वाट्याला हे आलेले नाही, तेही पाच वडांवरून पंचवटी ज्याला लाभली त्या गावात.

सिंहस्थाच्या कामांत जी झाडे हलवली जातील, ती एका अर्थाने तयार प्रयोगशाळाच आहेत. प्रत्येक झाडाला क्रमांक, मुळांच्या गोळ्याचा व्यास, हलवल्याची तारीख, पाण्याची नोंद आणि दर सहा महिन्यांनी घेराचे माप, एवढ्यावर पहिली चाचणी उभी राहू शकते. त्यासाठी एक प्रशिक्षित माणूस, टेप आणि पाच वर्षे पुरेल इतका बीजनिधी लागेल, आणि वृक्ष उपकराचा एक लहान हिस्सा त्यासाठी आधी बाजूला काढून ठेवता येईल.