श्रम-उत्पादकता, क्षेत्रनिहाय मापन (सोलापूरच्या संदर्भात)

श्रमाच्या एका एककामागे निर्माण होणारे मूल्य. अंशस्थानी एकूण मूल्यवर्धन, म्हणजे उत्पादनाच्या किमतीतून कच्चा माल, वीज इ. खर्च वजा जाता उरणारी रक्कम. छेदस्थानी कामगारसंख्या किंवा श्रमतास. शेती, उद्योग व सेवा या विभागणीचे श्रेय सामान्यतः अर्थतज्ज्ञ ए. जी. बी. फिशर (१९३५) आणि कॉलिन क्लार्क (१९४०) यांना देतात. खुद्द क्लार्कने कल्पनेचे मूळ सतराव्या शतकातील विल्यम पेटीपर्यंत नेले. पेटीकडे बीज आहे हे खरे. मात्र अनेक देशांचे आकडे जुळवून क्षेत्रांची तुलना क्लार्कनेच मांडली, म्हणून मोजमापापुरते त्याचे नाव घेणे अधिक योग्य.

सोलापुरात पहिली मोठी कापडगिरणी उभी राहिली ती सामान्यतः १८७७ ची मानतात. गिरणीत हजेरीपट असे, त्यामुळे छेद ठरवणे सोपे. आज चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग लहान शेडमध्ये विखुरलेले आहेत. कारखाना अधिनियम, १९४८ मूळ व्याख्येनुसार विजेवर चालणाऱ्या, दहा वा अधिक कामगारांच्या जागेला लागू होता. वार्षिक उद्योग पाहणीही मुख्यतः अशा नोंदणीकृत कारखान्यांची. उरलेल्यांसाठी नमुना पाहणीवर विसंबावे लागते.

खरी अडचण विडी उद्योगात. मजुरी हजार विड्यांमागे ठरते, म्हणून नग अचूक कळतात, श्रम कळत नाहीत. पाने भिजवणे व कातरणे घरीच होते, वळणे स्वयंपाकाच्या अधेमधे, आणि सुताने बांधायला मुलगी किंवा सासू हात लावते. कार्डावर नाव एकीचेच. एक कामगार धरला तर उत्पादकता फुगते. उलट कामाचा पूर्ण दिवस गृहीत धरला, तर ती घटते. आवर्ती श्रमबल सर्वेक्षण (२०१७-१८ पासून) आठवड्यातील प्रत्येक दिवसाचे तास विचारते, म्हणून डोकी मोजण्यापेक्षा तास मोजणे प्रस्तुत नोंदीस ग्राह्य वाटते. मदतनिसाचे तास मात्र तिला स्वतंत्रपणे विचारले तरच हाती येतात.

असंघटित क्षेत्रात आणखी एक पेच आहे. पायाभूत वर्षाचे (पुढील वर्षांची तुलना ज्याच्याशी करतात त्या वर्षाचे) मूल्यवर्धन काढताना पाहणीतील दरकामगार मूल्याला कामगारसंख्येने गुणण्याची रीत आहे. त्या गुणाकाराला पुन्हा कामगारसंख्येने भागल्यास पाहणीतला आकडाच परत येतो. नवे काही मोजले जात नाही. जिल्हा उत्पन्नाच्या अंदाजातही अनेक उपक्षेत्रांची राज्याची रक्कम निर्देशकांनुसार जिल्ह्यांना वाटली जाते. अशा ठिकाणी ‘सोलापूरची उत्पादकता’ ही बरीचशी राज्याची सरासरी असते.

किंमतबदल वगळण्याबाबतही मतभेद आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या २०११-१२ या पायाभूत वर्षाच्या मालिकेत कारखानदारीसाठी एकेरी अवस्फीती वापरली गेली: मूल्यवर्धनाला केवळ तयार मालाच्या किंमत निर्देशांकाने भागायचे. सूत स्वस्त झाले आणि चादरीचा भाव तसाच राहिला, तर विणकराने एकही जास्त चादर न विणता उत्पादकता वाढलेली दिसते. सूत व चादर यांना वेगवेगळे निर्देशांक लावणारी दुहेरी पद्धत अधिक सयुक्तिक, पण तिला कच्च्या मालाचे तपशीलवार भाव लागतात.

शेतीत छेद ऋतूनुसार बदलतो. मंगळवेढ्याची कोरडवाहू रब्बी ज्वारी पेरणीनंतर फारसे हात मागत नाही, काढणीला मात्र सारे घर रानात असते; वर्षभराचा ‘शेतकरी’ गणल्यास उत्पादकता फार कमी भरते.

शासकीय सेवांचे उत्पादन प्रामुख्याने वेतनखर्चावरून मोजतात. परिणामी तेथे वेतनवाढ हीच उत्पादनवाढ म्हणून नोंदली जाऊ नये यासाठी ती किंमतबदल मानून वगळावी लागते.