‘बेड नाही’ म्हणाले तर? धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट कोणाला, कशी मिळते

माझ्या मावशीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिला सातारा जिल्ह्यातल्या गावाहून पुण्याला आणलं. सरकारी रुग्णालयात वॉर्ड भरलेला, व्हरांड्यात गाद्या टाकलेल्या. एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात गेलो, तर काउंटरवरून उत्तर आलं, “बेड नाही, दोन-तीन दिवसांनी विचारा.” दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका नर्सबाईंनी विचारलं, “चॅरिटीचा बेड मागितलात का?” मागितला नव्हता, कारण असा बेड असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. त्याच काउंटरवर जाऊन, नाव घेऊन मागितला आणि संध्याकाळपर्यंत मावशी खाटेवर होती. मधली एक रात्र तिनं विनाकारण कळा सोसल्या. ती रात्र दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून ही सगळी माहिती एका जागी लिहिते आहे.

हा बेड मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक मध्ये धर्मादाय रुग्णालयांवर हे बंधन आहे, आणि त्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ मध्ये ठरली. ट्रस्टच्या रुग्णालयानं एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या. म्हणजे २०० खाटांच्या रुग्णालयात २० आणि २०, अशा ४० खाटा. खर्चासाठी प्रत्येक बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात जमा होते. रुग्णालयात त्याला ‘आयपीएफ’ म्हणतात. बोलताना हा शब्द वापरा, समोरच्याला लगेच कळतं.

राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालयं आहेत. मुंबईतली लीलावती, जसलोक, हिंदुजा ही नावं ऐकून आपण पायरीही चढत नाही, पण तीही ट्रस्टचीच आहेत. जवळचं रुग्णालय या यादीत आहे का, हे धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येतं. तिथं राखीव खाटांची माहितीही असते. मात्र ती माहिती कोणत्या तारखेची आहे ते बघा. तेवढ्यावर विसंबून रुग्णाला गाडीत घालू नका, आधी फोन करा.

पात्रता उत्पन्नावर ठरते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर ‘निर्धन’, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर ‘दुर्बल घटक’. जुन्या फलकांवर ८५ हजार आणि १ लाख ६० हजार हे आकडे अजून दिसतात. कुणी त्यावर बोट ठेवून परत पाठवत असेल, तर मर्यादा वाढली आहे हे ठामपणे सांगा. निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, डॉक्टरांची सेवा, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे पडत नाहीत आणि औषधं, इम्प्लांट खरेदीच्या किमतीत निधीच्या खात्यावर टाकली जातात. दुर्बल घटकाला बिल सवलतीच्या दरानं लागतं, पण औषधं आणि साहित्याच्या खर्चाचा निदान अर्धा वाटा स्वतः उचलावा लागतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे कळलं की धावपळ होते, म्हणून अंदाजे रक्कम पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

कागदपत्रं थोडीच लागतात: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड (दारिद्र्यरेषेखालचं असेल तर उत्तमच), रुग्णाचं आधार कार्ड आणि डॉक्टरांनी ‘भरती करा’ असं लिहिलेला केसपेपर. यातलं सगळ्यात जास्त अडवतो तो उत्पन्नाचा दाखला. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून तो मागता येतो. स्वयंघोषणापत्र, रेशन कार्ड, आधार, शेती असेल तर सातबारा आणि तलाठ्याचा अहवाल, पगार असेल तर पगारपत्रक जोडावं लागतं. मुदत १५ दिवसांची. आजारी माणसाला १५ दिवस थांबता येत नाही, म्हणून घरातलं कुणीही आजारी नसतानाच दाखला काढून ठेवा. एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन्ही मिळतात, तीन वर्षांचा मागा. दाखला हातात नसताना वेळ आलीच, तर तहसील कार्यालयात केसपेपरची प्रत जोडून वैद्यकीय कारण सांगा. आमचा दाखला असाच मावशी भरती झाल्यावर चौथ्या दिवशी मिळाला. तोवर रुग्णालयानं रेशन कार्डावर चालवून घेतलं होतं.

आता प्रत्यक्ष अर्ज. ॲडमिशन काउंटरशी वाद घालू नका, तिथल्या माणसाच्या हातात हा निर्णय नसतो. वैद्यकीय समाजसेवकाचं, म्हणजे ‘एमएसडब्ल्यू’चं, टेबल कुठं आहे ते विचारा. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयात ते असतं. अर्ज तिथं द्यायचा, कागद तेच तपासतात. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ घ्या. ‘कोटा भरला आहे’ असं सांगितलं, तर तेवढंच अर्जावर लिहून मागा. कोटा खरोखर भरलेला असू शकतो, २० खाटांवर रांग मोठी असते. पण लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा पुन्हा एकदा यादी पाहिली जाते. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर अंदाजे तारीख लिहून घ्या. आणि हे सगळं भरतीच्या वेळी किंवा उपचार चालू असतानाच. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात पडल्यावर सवलत मागितली की दारं बंद व्हायला लागतात.

रुग्ण अत्यवस्थ असेल तर यातलं काहीही आधी लागत नाही. तातडीच्या वेळी धर्मादाय रुग्णालयानं डिपॉझिट न मागता रुग्णाला घ्यायचं, जीव वाचवणारे उपचार करून प्रकृती स्थिर करायची आणि गरज असेल तर मगच सरकारी रुग्णालयात पाठवायचं. दाखला मागाहून. याला सर्वोच्च न्यायालयाचाही आधार आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं, बहुतेकांचं कारण एकच, खाट रिकामी नाही. १९९६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्याला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. कुठल्या रुग्णालयात खाट मोकळी आहे हे कळून रुग्णाला थेट तिथं पाठवता येईल अशी राज्यपातळीवरची मध्यवर्ती व्यवस्था उभी करावी, हेही त्याच निकालात आहे. तशी एकच खिडकी असती, तर मावशीला घेऊन आम्ही दारोदार फिरलो नसतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजना या राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचा रस्ता वेगळा आहे. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, रुग्णालय त्या योजनेत असावं लागतं आणि तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, जायचं असतं. चौकशीचा क्रमांक १५५३८८. रुग्णालय दोन्हीकडे असेल तर एमएसडब्ल्यूला आणि आरोग्यमित्राला, दोघांनाही भेटा.

तरीही नकार मिळाला, किंवा ‘निधी संपला’ असं सांगितलं, तर तक्रार जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त, उपायुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात लेखी द्या. रुग्णाचं नाव, कोणत्या दिवशी किती वाजता गेलात, कोणत्या टेबलावर काय सांगितलं, हे लिहा. सोबत शिक्का मारलेली अर्जाची प्रत आणि केसपेपर जोडा. शिक्का द्यायलाच नकार दिला असेल, तर तोच अर्ज रुग्णालयाच्या पत्त्यावर ईमेल करून त्याची प्रत लावा. रुग्ण अजून बाहेर ताटकळत असेल तर कार्यालयात स्वतः जा आणि तिथल्या निरीक्षकांना रुग्णालयात फोन लावायची विनंती करा.