पार्श्वभूमी : मऊ जमीन आणि ‘किंवा अधिक’

दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटनमधला विमानतळ म्हणजे बहुधा गवताचे मैदान. लंडनचा क्रॉयडन तर 1959 साली बंद होईपर्यंत गवताचाच होता. (आपल्या जुहूला 1932 मध्ये टपालाचे पहिले विमान उतरले ती पट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जायची आणि विमाने येरवड्याला हलवावी लागत.) युद्धात जड बॉम्बफेकी विमानांसाठी काँक्रीट आले. फ्लाइंग क्लबांची छोटी विमाने मात्र पुष्कळ ठिकाणी गवतावरच राहिली.

पुढे सेसना 172 सारखी, नाकाखाली चाक असलेली विमाने रुळली. ते लहान चाक मऊ मातीत रुतते, म्हणून योक (वैमानिकासमोरचे, विमानाचे नाक वर-खाली करणारे हँडल) मागे ओढून त्यावरचा भार कमी करायचा, हे शिकवले जाऊ लागले.

खरा घोळ ‘मऊ’ या शब्दाचा आहे. ब्रिटिश विमानवाहतूक नियामकाच्या पत्रकात उड्डाणाच्या अंतराला गुणक दिले आहेत: 20 सेंटिमीटरपर्यंतचे कोरडे गवत 1.2, ओले गवत 1.3, मऊ जमीन ‘1.25 किंवा अधिक’. हे गुणक एकमेकांशी गुणायचे असतात. विमानाच्या पुस्तिकेत उड्डाणाला 450 मीटर दिले असतील, तर ओल्या आणि मऊ पट्टीवर ते 731 होतात, वर 1.33 चा सुरक्षा गुणक लावला की 973. म्हणजे दुपटीहून जास्त. तरीही खासगी वैमानिकाला हा शेवटचा गुणक केवळ शिफारस आहे. प्रवासी वाहतुकीला तो बंधनकारक, मग मागच्या सीटवर स्वतःची मुले बसवणाऱ्याला का नाही?

‘किंवा अधिक’ची अडचण याहून मोठी. 1.25 ही सुरुवात आहे, पण हिशेब करणारा तिथेच थांबतो. चिकणमातीची पट्टी वाऱ्याने वरून सुकते, चालून पाहणाऱ्याचा बूट कोरडा राहतो. पण भरलेल्या विमानाचे चाक खाली दबते, मागे चर उमटतो आणि वेगाचा काटा रेंगाळतो. हा मऊपणा कोणत्याच आकड्यात मावत नाही. अनेक सेसना 172 च्या पुस्तिकांत तर कोरड्या गवतासाठी जमिनीवरच्या धावेत 15 टक्के वाढ एवढेच सांगितले आहे.

म्हणून नंतर मध्यखुणेचा नियम जास्त वापरात आला: निम्म्या धावपट्टीवर उड्डाणवेगाच्या 70 टक्के वेग नसेल तर थ्रॉटल मागे घ्या, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी करून उड्डाण सोडा आणि थांबा. वेग सारखा वाढत असेल तर निम्म्या अंतरात 71 टक्के वेग येतो, त्यावरून हा आकडा. मऊ पट्टीवर मात्र वेग सारखा वाढत नाही. शिवाय थांबायलाही जागा हवी: आखूड, ओले गवत आणि खाली टणक जमीन असेल तर उतरण्याचे अंतर 60 टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे तेच पत्रक बजावते.