गुणोत्तर विश्लेषण, वित्तीय

ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह पत्रक यांतील आकडे परस्परांशी ताडून उद्योगसंस्थेची आर्थिक प्रकृती अजमावण्याची पद्धती. पुण्यातील बँका, सनदी लेखापालांच्या कचेऱ्या आणि भोसरी-चाकणचे कारखानदार तिला नुसते ‘रेशो काढणे’ म्हणतात. गुणोत्तरांचे ढोबळ वर्ग चार : तरलता, कर्जभार, उलाढाल आणि नफाक्षमता.

ताळेबंद या शब्दातील ‘ताळा’ म्हणजे हिशेबाची पडताळणी. भागाकाराचा ताळा करतात तोच. ‘बंद’ची फोड दोन प्रकारे करता येते. एक, जमाबंदीतल्याप्रमाणे फार्सी ‘बंद’, म्हणजे बांधणे किंवा ठरवणे. दुसरी, दफ्तरातील कागदाची लांबट पट्टी. जमाबंदीशी असलेले साधर्म्य पाहता पहिली फोड अधिक सयुक्तिक वाटते. पेशवेकालीन दफ्तरात हा शब्द मुख्यतः वसूल आणि खर्च यांचा मेळ घालणाऱ्या कागदासाठी येतो. ठरावीक तारखेची मालमत्ता आणि देणी समोरासमोर मांडणारे पत्रक हा आजचा अर्थ नंतरचा. बहुधा इंग्रजी अमदानीत कंपनी कायद्यांबरोबर तो रूढ झाला असावा. म्हणजे जुना ताळेबंद मुदतीचा होता, आजचा एका दिवसाचा आहे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

गुणोत्तरांचा उगम कारखान्याच्या व्यवस्थापनात की सावकारी दृष्टीत, याविषयी दोन मते आहेत. व्यवस्थापनाकडून आलेल्या धारेचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीतील सूत्राकडे बोट दाखवले जाते : विक्रीवरील नफ्याचे प्रमाण गुणिले मालमत्तेची उलाढाल, म्हणजे गुंतवणुकीवरील परतावा. हे सूत्र डोनाल्डसन ब्राऊन यांच्या नावावर आहे. त्याचा काळ काहीजण १९१४ च्या आसपास मानतात, तर काही १९१९ पर्यंत पुढे नेतात. मात्र अमेरिकी बँका कर्जदारांकडून ताळेबंद मागू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि चालू गुणोत्तर त्याच सुमारास प्रचारात आले. चालू मालमत्ता (वर्षभरात रोख होणारी) चालू देण्यांच्या (वर्षभरात फेडायच्या) दुप्पट असावी हा २:१ चा दंडक तेव्हाचाच. अलेक्झांडर वॉल यांनी १९१९ मध्ये ९८१ कंपन्यांची सात गुणोत्तरे उद्योगवार आणि प्रदेशवार मांडून एकच मोजपट्टी सर्वांना लागत नाही हे दाखवले. दंडक मात्र टिकला. एकंदरीत धनकोचे पारडे जड दिसते.

भारतात २:१ ची जागा १.३३ ने घेतली. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने १९७५ मध्ये खेळत्या भांडवलासाठी कर्ज देण्याच्या तीन पद्धती सुचवल्या. दुसऱ्या पद्धतीनुसार एकूण चालू मालमत्तेच्या २५ टक्के रक्कम उद्योजकाने दीर्घ मुदतीच्या निधीतून उभी करायची. मालमत्ता १०० धरली तर उरलेले ७५ व्यापारी देणी आणि बँक मिळून पुरवणार. १०० भागिले ७५ म्हणजे १.३३. हा आकडा कारखान्यांच्या निरीक्षणातून निघालेला नाही. तो त्या २५ टक्क्यांची सावली आहे. त्याला पुढे आरोग्याच्या लक्षणाचे स्थान मिळाले, ते काहीसे अनाठायी. रिझर्व्ह बँकेच्याच चोरे गटाने १९७९ मध्ये याच दुसऱ्या पद्धतीचा आग्रह धरला. १९९७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बंधन उठवले, पण शाखांमधील सवय उठली नाही. आजही ‘सीएमए डेटा’, म्हणजे कर्जासाठी बँकेला द्यायचा आर्थिक अंदाजांचा तक्ता, तयार करताना अंदाजित चालू गुणोत्तर १.३३ च्या जरा वरच बसते. लघुउद्योगांसाठी नायक समितीने अंदाजित उलाढालीच्या २० टक्के कर्जाचा सोपा नियम दिला. गरज २५ टक्के आणि उद्योजकाचा वाटा ५ टक्के, या हिशेबात इतर देणी नसल्यास गुणोत्तर १.२५ च येते.

एका दिवसाच्या चित्राची मर्यादा उदाहरणाने दाखवता येते. भोसरीतील सुटे भाग बनवणारा एक काल्पनिक कारखाना घ्यावा. साठा ३५ लाख, येणी ४५ लाख, म्हणजे चालू मालमत्ता ८० लाख. चालू देणी ६० लाख, त्यांपैकी ४० लाख कॅश क्रेडिटचे, म्हणजे हवे तेव्हा उचलता-भरता येणाऱ्या बँक कर्जाचे. चालू गुणोत्तर १.३३. मोठ्या गिऱ्हाइकाकडे लकडा लावून ३० मार्चला २० लाखांची वसुली झाली आणि ती कॅश क्रेडिट खात्यात भरली. आता ६० भागिले ४०, म्हणजे १.५०. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच खात्यातून पोलाद उचलले की गाडी परत १.३३ वर. वरच्या आणि खालच्या आकड्यांतून समान रक्कम वजा केली की १ हून मोठे गुणोत्तर वाढते आणि १ हून लहान घटते, एवढेच त्यामागचे गणित. म्हणून साठा वगळून काढलेले त्वरित गुणोत्तर याच व्यवहारात ०.७५ वरून ०.६३ वर घसरते. दोन गुणोत्तरे एकाच वेळी उलट दिशांना जाताना दिसली की अनुभवी अधिकारी ताळेबंद बाजूला ठेवून बारा महिन्यांची स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे बँकेला दर महिन्याला द्यायची साठ्याची विवरणपत्रे, मागवतो.

सहकारी साखर कारखान्यांच्या बाबतीत ही अडचण हंगामामुळे आपोआपच उद्भवते. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालते आणि हिशेबवर्ष ३१ मार्चला संपते. त्यामुळे गोदामातील साखर आणि तिच्या तारणावरील कर्ज दोन्ही फुगलेली असतानाच ताळेबंद बांधला जातो. सप्टेंबरचे चित्र अगदी वेगळे असते. चालू देण्यांतील उसाच्या थकबाकीकडे इथे खास पाहावे लागते : १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे रास्त व किफायतशीर दर १४ दिवसांत द्यायचा असतो, आणि तो थकला तर पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून महसुली वसुलीचा, म्हणजे थकीत जमीन महसुलाप्रमाणे वसुली करण्याचा, आदेश निघू शकतो.

कर्ज-भांडवल गुणोत्तर (कर्ज स्वतःच्या भांडवलाच्या किती पट), व्याज आच्छादन (नफा व्याजाच्या किती पट), येण्यांची उलाढाल (विक्री येण्यांच्या किती पट) इत्यादींची सूत्रे सर्वपरिचित आहेत. अनेक गुणोत्तरांना भार देऊन दिवाळखोरीचा एकच निर्देशांक काढण्याचा एडवर्ड ऑल्टमन यांचा प्रयत्न १९६८ चा. ६६ उत्पादक कंपन्यांवर बेतलेल्या या निर्देशांकात १.८१ च्या खाली धोका आणि २.९९ च्या वर निर्धास्तता मानतात. मूळ सूत्रात समभागांचे बाजारमूल्य लागत असल्याने शेअर बाजारात नोंद नसलेल्या कारखान्याला ते जसेच्या तसे लावता येत नाही.

कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूची तीनमध्ये मार्च २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना अकरा गुणोत्तरे वार्षिक हिशेबाच्या टिपांमध्ये द्यावी लागतात. मागील वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक फरक पडल्यास कारणही लिहावे लागते. वाचकाने आधी ही कारणे वाचावीत; तिथे बरेच काही सांडलेले असते.

बँका आणि पतसंस्थांना चालू गुणोत्तर लागू पडत नाही; त्यांच्याबाबत भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानाने स्वतःचे भांडवल) आणि निव्वळ अनुत्पादक, म्हणजे थकलेल्या, कर्जांचे प्रमाण पाहतात. सामान्य ठेवीदाराची मोजपट्टी मात्र वेगळी : पतसंस्थेच्या दारावरील ‘ऑडिट वर्ग अ’ ही लेखापरीक्षणातील वरची श्रेणी सांगणारी पाटी.