पत्ता आपला, पेटी कुणाची? मराठवाड्यातल्या संस्थांच्या ई-मेलची पार्श्वभूमी

एखादे महाविद्यालय, पतसंस्था किंवा वाळूजमधला मध्यम कारखाना ई-मेलची व्यवस्था बदलायला निघाला की बैठकीत दोन तट पडतात. काहींचे म्हणणे, पत्रव्यवहार आपल्याच इमारतीतल्या सर्व्हरवर राहावा. बाकीचे म्हणतात, क्लाउडवर, म्हणजे एखाद्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर, टाका आणि रोजची कटकट मिटवा. या वादामागचा इतिहास न पाहता ठराव केला, तर तोच विषय काही वर्षांत पुन्हा विषयपत्रिकेवर येतो.

स्वतःच्या टपालाचा अनुभव आपल्या भागाला जुना आहे. हैदराबाद संस्थानाची स्वतःची तिकिटे १८६९ पासून निघत आणि १९५० मध्ये संस्थानाचे टपाल भारतीय टपाल खात्यात विलीन झाले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे त्या टपालाखाली होते. पण त्या तिकिटाची किंमत संस्थानाच्या हद्दीपुरती. हद्दीबाहेर, पुण्याला वगैरे, पत्र धाडायचे तर इंग्रजी अमलाचे तिकीट लागे. टपाल घरचे असले, तरी बाहेर ते पोचवायला दुसऱ्याची मान्यता हवी. ई-मेलच्या बाबतीतही गाडी पुढे याच ठिकाणी अडली.

सुरुवातीला मात्र असे नव्हते. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवला तेव्हा पत्त्यात ॲट चिन्हापुढे यंत्राचेच नाव येई. ऑगस्ट १९८२ मध्ये एसएमटीपीचे, म्हणजे सर्व्हरने सर्व्हरला टपाल देण्याचे, नियम ठरले आणि कोणत्याही सर्व्हरला कोणत्याही सर्व्हरकडे थेट टपाल देता येऊ लागले. मग १९८६ मध्ये एमएक्स नोंद आली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या ॲट चिन्हापुढच्या नावाच्या, खात्यात एक ओळ लिहायची: आमचे टपाल अमुक यंत्रावर उतरवा. पत्ता आणि यंत्र यांची गाठ तिथे सुटली. पेटी बदलली तरी पत्ता तोच राहू लागला.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सुरू केले, तेही मोजक्या महानगरांत. मराठवाड्यात त्याआधी उपग्रहावरून चालणारे निकनेट हे जाळे जिल्ह्याच्या ठिकाणी पोचले होते, पण ते सरकारी कामापुरते. खासगी संस्थांना बराच काळ डायल-अपवर भागवावे लागले. सेवा देणाऱ्याकडे सगळ्या डोमेनसाठी एकच पेटी असे. कार्यालयातला लिनक्स सर्व्हर दिवसातून तीन-चार वेळा फोन लावून ती रिकामी करी आणि ज्याचे त्याचे टपाल वाटून देई. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले, आणि सर्व्हर दिवसभर जोडून ठेवता येईल अशी आशा वाटली.

भारनियमनाने ती आशा फार टिकू दिली नाही. मी ज्या संस्थेचा सर्व्हर सांभाळत होतो तिथे लाइट दुपारभर जायची आणि इन्व्हर्टर दोन तासांत मान टाकायचा. तरीही टपाल सहसा बुडत नसे. समोरचा सर्व्हर बंद दिसला, तर पाठवणाऱ्याने टपाल रांगेत धरून निदान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावेत, असे एसएमटीपीचे नियमच सांगतात. लाइट आली की साचलेले सगळे हळूहळू उतरायचे. त्या नियमांबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

घरच्या सर्व्हरचा पाय खरा मोडला तो स्पॅममुळे. नको त्या मेलचा पूर आला, तसे मोठे सेवादार अनोळखी आयपी पत्त्यांवरून (इंटरनेटवरच्या यंत्रांच्या क्रमांकांवरून) आलेले मेल नाकारू लागले. साध्या ब्रॉडबँडचा आयपी बदलता असतो, आणि असे पत्ते थेट काळ्या यादीत जात. विद्यापीठाला पाठवलेले पत्र स्पॅममध्ये पडून राही आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नसे. मग एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आले: हे टपाल खरोखर या डोमेनचेच आहे, याचे दाखले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांकडून (जीमेलच्या हिशेबात दिवसाला सुमारे ५,०००) हे तिन्ही दाखले सक्तीने मागतात. संस्थानी तिकिटाची अडचण नव्या रूपात आली ती अशी.

दरम्यान १ एप्रिल २००४ ला जीमेल एक जीबी जागा घेऊन आले होते, आणि २००६ पासून गूगल संस्थांना त्यांच्याच डोमेनवर ही सेवा फुकट देऊ लागले. बऱ्याच संस्थांनी तेवढेही केले नाही. कारकुनाने स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर साधे खाते उघडले आणि तोच पत्ता लेटरहेडवर छापला. तो निवृत्त झाला, क्रमांक बदलला, की दहा वर्षांचा पत्रव्यवहार कुलूपबंद. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, आणि सर्व्हर जळण्याइतकेच ते नुकसान मोठे आहे.

फुकटाचे दिवसही सरले. गूगलने डिसेंबर २०१२ पासून नव्या ग्राहकांना फुकट आवृत्ती देणे थांबवले. २०२२ मध्ये शिक्षणसंस्थांची अमर्याद जागा गेली आणि पूर्ण संस्थेसाठी मिळून १०० टीबी उरली. पण सर्व्हर पुन्हा घरी आणणेही सोपे नाही. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल-सर्व्हर प्रणालीतल्या त्रुटी उघड झाल्या तेव्हा जगभर घाला पडला तो ग्राहकांनी स्वतः चालवलेल्या सर्व्हरवर. कंपनीच्या क्लाउडवरची एक्स्चेंज सेवा त्यातून सुटली. इकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पेटी दुसऱ्याकडे ठेवली, म्हणून संस्थेची जबाबदारी त्यात सुटत नाही.

केंद्र सरकारनेही आपले मेल एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) जुन्या व्यवस्थेतून झोहो या भारतीय कंपनीच्या मंचावर नेले. २०२५ पर्यंत सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती हलल्याच्या बातम्या आल्या. पण त्यांचे पत्ते nic.in आणि gov.in या डोमेनचेच राहिले. १९८६ च्या त्या एका ओळीमुळे हे साधले. म्हणून कोणत्याही बैठकीत दरपत्रके उघडण्याआधी मी एकच कागद मागतो: डोमेनच्या नोंदणीचा. त्यावर मालक म्हणून संस्थेचे नाव आहे की वेबसाइट करून देणाऱ्याचे, आणि नूतनीकरणाची सूचना कुणाच्या मेलवर जाते, एवढे आधी वाचून घेतो.