संगीतसिद्धान्ताच्या आधारे पियानोरचना पाठ करणे

पियानोसाठी लिहिलेली रचना सुट्या स्वरांची रांग म्हणून न घोकता तिची स्केल (स्वरसप्तक), कॉर्डांचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचा) क्रम, कॅडेन्स (सुरावटीचे वाक्य जिथे थांबते ती जागा) आणि एकूण बांधणी ओळखून ती शिकण्याची व लक्षात ठेवण्याची पद्धत. मैफलीत समोर नोटेशन न ठेवता वाजवण्याचा प्रघात युरोपात एकोणिसाव्या शतकात रुळला. पियानोवादक क्लारा शूमान आणि फ्रान्त्स लिस्ट यांचा त्यात मोठा वाटा होता.

पुरेसा सराव झाला की रचना बोटांत बसते. ही आठवण उपयोगी असते, पण तिच्यात मागची हालचाल पुढच्या हालचालीला ओढून आणते. मध्येच कुठे हात चुकला की वादकाला पार सुरुवातीला जावे लागते, कारण आपण रचनेत नेमके कुठे आहोत हे बोटांना ठाऊक नसते. पुढचा स्वर कोणता आणि तोच का, हे माहीत असेल तर अडखळल्यावरही जवळच्या कॉर्डवरून वाट धरता येते.

योहान सेबास्टियन बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’च्या पहिल्या खंडातील (1722) सी मेजर (सी स्वरावरची मेजर स्केल) प्रेल्यूड ही छोटी रचना हे याचे सोपे उदाहरण. रचना 35 बारांची (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन) आहे. पहिल्या 32 बारांत प्रत्येकी 16 स्वर, म्हणजे एकूण 512 स्वर वाजतात. पण प्रत्येक बारात एकच कॉर्ड एका ठरावीक आकृतीत दोनदा उलगडलेली असते, त्यामुळे लक्षात ठेवायच्या गोष्टी उरतात त्या 32 कॉर्ड. त्याही सुट्या नाहीत. पहिल्या चार बारांत सी मेजर, डी मायनर सेव्हन्थ, जी सेव्हन्थ आणि परत सी, असा घरातून निघून घरी येण्याचा एकच फेरा आहे. 24व्या बारापासून सलग आठ बार खर्जात जी टिकून राहतो आणि 32व्यापासून शेवटपर्यंत सी. पाठांतर हमखास घसरते ते त्याच्या जरा आधी, 22व्या आणि 23व्या बारांत. तिथे खर्ज एफ शार्पवरून ए फ्लॅटवर जातो. नुसते पाठ करणाऱ्याला ही उडी विचित्र वाटते. खर्ज जीला आधी खालून, मग वरून अर्ध्या स्वराच्या अंतरावरून घेरतो आणि मग त्यावर उतरतो, हे एकदा दिसले की ती जागा विसरणे अवघड. (काही जुन्या आवृत्त्यांत याच दोन बारांमध्ये एक जादा बार घुसडलेला आढळतो. ही उडी आणखी कुणालातरी खटकली असावी.)

लांब रचनांत मात्र खरा धोका वेगळ्या जागांपेक्षा सारख्या जागांचा असतो. मोझार्टच्या सी मेजर सोनाटाच्या (के. 545, 1788) पहिल्या भागात मुख्य सुरावट प्रथम सी मेजरमध्ये येते, उत्तरार्धात ती परतते ती एफ मेजरमध्ये. दोन्ही वेळा संगीत जी कॉर्डवर येऊन थबकते. पहिल्या वेळी तिथून दुसरी सुरावट जी मेजरमध्ये सुरू होते, दुसऱ्या वेळी सी मेजरमध्ये. बोटांच्या भरवशावर वाजवणारा इथे चुकीच्या फाट्याला लागतो आणि पूर्वार्ध पुन्हा वाजवून बसतो. सोनाटाच्या बांधणीत दुसरी सुरावट शेवटी मूळ स्केलमध्ये परतायची असते, हे ज्याला माहीत आहे त्याला ही जागा वेगळी घोकावी लागत नाही.

प्रत्यक्ष सरावात उलगडलेल्या कॉर्ड एकदम दाबून वाजवणे, फक्त खर्जाची ओळ वाजवणे, कॅडेन्सपाशी खूण करून तिथूनच सुरुवात करणे आणि छोटा भाग दुसऱ्या स्केलमध्ये वाजवून पाहणे हे मार्ग रूढ आहेत. यांत शेवटचा सर्वांत कडक: स्केल बदलली की बोटांची जुनी सवय कामाला येत नाही आणि काय समजले, काय नाही, ते लगेच उघडे पडते. पियानोशिक्षक कार्ल लायमर आणि त्यांचे शिष्य, पियानोवादक वाल्टर गीसेकिंग यांनी 1930च्या दशकात याहून पुढचा आग्रह धरला: पियानोला हात लावण्याआधी नोटेशन वाचूनच रचना पाठ करावी.

मानसशास्त्रज्ञ रॉजर चॅफिन यांनी पियानोवादक गॅब्रिएला इम्रेह यांच्या सरावाचा तपशीलवार अभ्यास केला. बाखच्या इटालियन कॉन्चेर्टोचा शेवटचा भाग बसवताना त्या सरावाची सुरुवात आणि शेवट बांधणीच्या सांध्यांवर करत. दोन वर्षांहून अधिक काळाने त्यांनी नोटेशन आठवून लिहिले, तेव्हा खंडांच्या आरंभीचे बार इतर बारांपेक्षा चांगले आठवले.

कॉर्डांची नावे कागदावर लिहिली म्हणजे काम झाले, असा नवशिक्यांचा समज असतो. नाव, त्याचा कानाला येणारा ताण आणि हाताचा आकार एकत्र जुळले नाहीत तर ते नाव ऐनवेळी आठवत नाही. शिवाय कुठल्या बोटाने काय वाजवायचे हे सिद्धान्त ठरवून देत नाही.

मेजर आणि मायनर या रूढ स्केल सोडून लिहिलेल्या संगीतात कॉर्ड शोधून फारसे हाती लागत नाही. तिथे दुसरी सूत्रे शोधावी लागतात. संगीतकार आन्टोन वेबर्नच्या पियानो व्हेरिएशन्समधील (ओपस 27, 1936) दुसऱ्या भागाचे स्वर मधल्या सीच्या वरच्या ए या स्वराभोवती आरशासारखे मांडलेले आहेत: एक आवाज (स्वरांची एक ओळ) ए पासून जितका वर, तितकाच दुसरा खाली. त्यामुळे एका आवाजावरून दुसरा काढता येतो. त्या भागातली हातांची ओलांडाओलांडी मात्र पियानोपाशी बसूनच बसवावी लागते.