पार्श्वभूमी : शिक्षक संपावर जातात, पण बोलणी कुणाशी करतात?

कोकणात सिंधुदुर्गातले ओरोस असो, रत्नागिरी असो की अलिबाग, शिक्षकांच्या मोर्चाचा शेवट ठरलेला असतो. जिल्हा परिषदेच्या फाटकावर घोषणा होतात, शिष्टमंडळ आत जाते, मुख्य कार्यकारी अधिकारी निवेदन घेतात आणि ‘आपल्या भावना शासनाला कळवतो’ म्हणतात. हे उत्तर टोलवाटोलवीचे वाटते, पण अधिकाऱ्याच्या हातात खरोखरच काही नसते. पगार, भरती, पेन्शन, संचमान्यता (पटानुसार शाळेला किती शिक्षक मिळणार ते) सगळे मंत्रालयात ठरते.

शिक्षकांच्या बाजूने कायदाही फारसा उभा नाही. त्याला एक गोव्यातला खटला कारण आहे. करंझाळे इथल्या एका खासगी शाळेने 1975 मध्ये एका शिक्षिकेला कामावरून काढले. औद्योगिक विवाद कायद्याखाली तिने दाद मागितली, तेव्हा ती ‘कामगार’ नाही असे सांगून सरकारने वाद लवादाकडे पाठवायला नकार दिला. पणजीतून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1988 मध्ये निकाल लागला तो असा : शाळा हा ‘उद्योग’ आहे, पण तिथे शिकवणारा ‘कामगार’ नाही. अध्यापन हे उदात्त कार्य आहे, असेही न्यायालयाने म्हटले. मान मिळाला, पण गिरणीतल्या किंवा गोदीतल्या युनियनला असलेली समेट अधिकारी आणि लवादाची वाट बंद झाली. शाळेतल्या कारकुनाला ती मोकळीच राहिली!

महाराष्ट्रात खासगी शाळांसाठी 1977 चा सेवाशर्ती कायदा आहे. बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते. पण ती एकेकट्याची दाद. सगळ्यांनी मिळून बोलणी करायची, आणि ती सरकारवर बंधनकारक ठरावीत, अशी सोय त्यात नाही.

मग जोर लावायचा कुठे? एक जागा विधान परिषदेतली. कोकण शिक्षक मतदारसंघात पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे येतात. घटनेच्या 171 व्या कलमानुसार इथे माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत आहे. वाडीवरच्या प्राथमिक शाळेत पहिली ते चौथी एकत्र बसवून शिकवणाऱ्या गुरुजींना नाही. संघटनांमध्ये ही फट कायमच राहिली आहे. जानेवारी 2023 च्या निवडणुकीत जुन्या पेन्शनचा विषय पेटलेला होता. भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी शेकापचे बाळाराम पाटील यांना हरवले. आमदार सत्ताधारी बाजूचा निवडून आला, तरी दीड महिन्यात, 14 मार्चला, शिक्षक इतर सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर संपावर होतेच. नोव्हेंबर 2005 पासून नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे त्या संपाचे मूळ. त्याच दिवशी विधिमंडळात अत्यावश्यक सेवांतले संप रोखणारे नवे मेस्मा विधेयक मंजूर झाले. सातव्या दिवशी आश्वासनावर संप मिटला.

दुसरे हत्यार उत्तरपत्रिकांचे. सरकार त्यालाच जास्त घाबरते, असे माझे मत आहे. शाळा आठवडाभर बंद राहिली तर पालक कुरकुरतात, बारावीचा निकाल लांबला तर राज्य ओरडते. फेब्रुवारी 2023 मध्ये कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी पेपर तपासणीवर बहिष्कार घातला आणि मार्चच्या सुरुवातीला शिक्षणमंत्र्यांनी बैठक बोलावली. मंत्री होते सावंतवाडीचेच आमदार दीपक केसरकर. प्राध्यापकांनी मात्र 2013 मध्ये परीक्षेच्या कामावर टाकलेल्या बहिष्काराची किंमत मोजली. कोकणातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाखाली येतात, त्यामुळे तिथल्या प्राध्यापकांनाही हा फटका चुकला नाही. 71 दिवसांचा पगार अडकला आणि तो सोडवायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

प्राथमिक शिक्षकांकडे बोर्डाचे पेपर नाहीत. त्यांच्याकडे काळ्या फिती, ऑनलाइन माहिती भरण्यावर बहिष्कार आणि सामुदायिक रजा. दोनशिक्षकी शाळेतले दोघेही रजेवर गेले की शाळेला कुलूप लागते आणि त्या दिवशीची खिचडीही शिजत नाही. 25 सप्टेंबर 2024 ची सामुदायिक रजा कमी पटाच्या शाळांत एका नियमित शिक्षकाच्या जागी कंत्राटी नेमण्याच्या निर्णयाविरुद्ध होती. मुंबईकडे गेलेल्या कुटुंबांमुळे पट दहा-वीसवर आलेल्या शाळा कोकणात वाडीवाडीला आहेत, तेव्हा त्या निर्णयाची झळ इथे आधी बसणार होती.

1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, प्रश्न उभा केला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल. पहिली ते आठवी शिकवणारे यात आल्याने विधान परिषदेसाठी मत असलेले आणि नसलेले शिक्षक या प्रश्नावर एका बाजूला आले आहेत.